काकूच्या सारवणाचा ब्रश

कूलरला नवी खस बसवली की पहिले दोन दिवस घरभर ओल्या गवताचा असा काही वास येतो, की माणसाने जमिनीवर चटई टाकावी आणि जगाकडे पाठ करून पडावं. नागपूरचा उन्हाळा सोसायला ज्या चार-दोन गोष्टी मदत करतात, त्यांत या वासाचा नंबर मी फार वर लावते. यंदा मात्र तो वास आला आणि मी उठून खिडकीशी गेले. तिथून स्वयंपाकघरात, माठातलं पाणी प्यायला, तहान नसताना. तिथून परत खिडकीशी. खाली जरीपटक्याच्या बाजारात भर उन्हात कुणीतरी खरबुजांचा भाव ओरडत होता आणि मला विनाकारण त्याचा राग आला.

टेबलावर टॅबलेट उघडा, त्यावर पेन आडवं, आणि त्यात एक निरोप तीन दिवसांपासून उत्तराची वाट बघत पडलेला. तिथेच सगळी गोम होती.

निरोप पोर्तुगालहून आला होता. तिथली इनेश नावाची बाई लहान मुलांच्या पुस्तकांसाठी पक्ष्यांची चित्रं काढते. आम्ही एकमेकींना कधी पाहिलेलं नाही, पण मोडक्यातोडक्या इंग्रजीत दोन वर्षं बोलतो आहोत. तिने लिहिलं होतं, की आपण ज्यात चित्रं काढतो त्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली आणि तुझा तो जमिनीचा ब्रश आता उघडतच नाही. माझ्या पुस्तकाची अर्धी पानं त्याने झाली आहेत. उरलेली अर्धी दुसऱ्या कशाने केली तर पंख वेगळे दिसतील. तू तो पुन्हा बांधून देशील का?

साधं काम होतं. मूळ फोटो माझ्याकडे होता, एका दुपारचा प्रश्न. पण तो फोटो मी वर्षभर उघडलेला नव्हता.

ज्यांनी टॅबलेटवर कधी चित्र काढलं नाही त्यांना हा ब्रशचा प्रकार समजावून सांगताना मला नेहमी शाळेतला बटाटा आठवतो. अर्धा बटाटा कोरायचा, रंगात बुडवायचा, कागदावर दाबायचा. आमचा ब्रशही तसाच एक छाप असतो. कशाचा तरी फोटो घ्यायचा, त्यातले रंग काढून काळं-पांढरं करायचं, कडा साफ करायच्या, आणि मग पेन चालेल तसा तो छाप जवळजवळ, एकावर एक, पडत राहील असं ठरवून द्यायचं. पेन जोरात दाबलं तर गडद, हलकं धरलं तर फिकं. दिवसभर मी सदर भागातल्या एका ऑफिसात लग्नपत्रिका आणि कोचिंग क्लासच्या जाहिराती बनवते. ते पोटासाठी. छाप गोळा करणं मात्र वेडासाठी. संत्र्याची साल, गोणपाट, बाजारातल्या एका बंद दुकानाचं गंजलेलं शटर, खापरखेड्याला काकूच्या गच्चीवर सकाळी बसलेला वीज केंद्राच्या राखेचा पातळ थर आणि त्यातून चाललेल्या चिमणीची पावलं. या सगळ्यांचे मी ब्रश केले आहेत आणि सगळे फुकट वाटून टाकले आहेत. आमचा जगभरच्या चित्रकारांचा एक ग्रुप आहे. त्यात कुणी पाइनच्या सालीचा ब्रश टाकतं, कुणी आजोबांच्या लोकरीच्या कोटाचा. घेणाऱ्याने कधीतरी काहीतरी द्यायचं, आणि देताना ते कशापासून केलं हे एका ओळीत लिहायचं, एवढाच शिरस्ता.

त्यातला माझा सगळ्यात गाजलेला ब्रश म्हणजे काकूच्या सारवणाचा.

आईबाबा दोघं नोकरीवाले, त्यामुळे माझ्या उन्हाळ्याच्या सगळ्या सुट्ट्या खापरखेड्याला काकूकडे गेल्या. काका तिथल्या वीज केंद्रात कामाला. मी लहान असतानाच त्यांनी कॉलनीच्या बाहेर थोडी जागा घेऊन घर बांधलं. पुढच्या दोन खोल्यांना फरशी, वर स्लॅब, सगळं रीतसर. मागची एक खोली मात्र काकूने हट्टाने मातीची ठेवली. "सगळंच गुळगुळीत केल्यावर माणसानं पाय कुठं टेकवायचा?" असं ती विचारायची. उन्हाळ्यात अख्खं घर तापून निघालं तरी ती खोली गार राहायची. शेजारच्या गाईचं शेण आणून काकू दर आठवड्याला ती सारवायची. उकिडवी बसून, भिंतीपासून मागे मागे सरकत, उजवा हात अर्धवर्तुळात फिरवत. एक कमान संपली की तिला खेटून दुसरी. वाळल्यावर जमिनीवर बोटांच्या त्या कमानी उमटून राहायच्या. मी लहानपणी त्यांच्यावरून बोट फिरवत आडवी पडायची आणि काकू ओरडायची, "ऊठ वं पिंके, ओलं हाये अजून!" आता पस्तिशीला आले तरी तिच्या लेखी मी पिंकीच आहे. निदान मागच्या उन्हाळ्यापर्यंत होते.

मागच्या उन्हाळ्याबद्दल लिहायचं म्हणजे मला सलग लिहिता येत नाही. मधेच उठावंसं वाटतं.

काका गेले ते एप्रिलमध्ये. दवाखान्यातून आणलं आणि मागच्या खोलीत खाली ठेवलं. सकाळी साडेनऊलाच ऊन अंगावर येत होतं. पुरुष माणसं त्यांना घेऊन गेली, गल्लीच्या टोकाला आवाज विरला, आणि घरात बायका उरल्या. जिथे माणूस ठेवलेला असतो ती जागा सारवून घ्यायची असते. शेजारची एक बाई पदर खोचून उठली, तर काकू म्हणाली, "नाही. माह्या घरची भुई हाये, मीच करीन." कुणी समजावलं, कुणी हात धरला. तिने कुणाचंच ऐकलं नाही. सगळ्यांच्या देखत बसली आणि भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत सारवून काढलं. मग तिला आंघोळीला नेलं आणि खोलीच्या उंबऱ्याशी मी एकटी राहिले.

मागच्या दारातून ऊन तिरपं आत येत होतं. ओल्या जमिनीवर प्रत्येक बोटाची रेघ वेगळी दिसत होती, प्रत्येक कमानीला स्वतःची सावली होती. याआधी मी त्या जमिनीचे किती फोटो काढले असतील! कधी चमक यायची, कधी सगळं सपाट दिसायचं. छाप करण्याजोगा एकही नव्हता. त्या दिवशीचा उजेड मात्र हवा तसाच होता. आणि एका ठिकाणी कमान मध्येच थांबून, बोटभर जागा सोडून, पुन्हा सुरू झाली होती. ती फट पाहून माझ्यातल्या चित्रकार बाईचं काळीज हललं. पुतणीचं आधी हलायला हवं होतं. मी फोन काढला आणि फोटो घेतला. एकच. आवाज बंद करून.

आवाज बंद केला, म्हणजे मला कळत होतं.

मे महिना लागला तशी मी त्या फोटोवर बसले. दुपारी दोन ते चार नागपुरात कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही, आणि मी सुट्टी टाकून कूलरसमोर त्या कमानींच्या कडा साफ करत होते. मनाला सांगत होते, की हे नुसतं करून बघतेय, ग्रुपवर वाटायचं झालं तर दुसरा फोटो वापरू. पण दुसरा कुठला त्याच्या जवळपासही येईना. छाप तयार झाला. पेन टेकवलं, ओढलं, आणि पडद्यावर काकूचा हात चालायला लागला. दर कमानीत तीच फट. हात जातो, थांबतो, पुढे जातो. मी पानंच्या पानं नुसत्या रेघा ओढत बसले. रडू आलं, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला, आणि त्या आनंदाची लाज आजही वाटते.

ग्रुपवर टाकताना शिरस्त्याप्रमाणे एक ओळ लिहिली: माझ्या काकूने हाताने सारवलेली जमीन, नागपूर. तेवढंच. ती कुठल्या दिवशीची, ते लिहिलं नाही.

लोकांनी तो ब्रश असा उचलला की विचारू नका. कुणी त्याने समुद्र काढला, कुणी म्हाताऱ्याच्या कपाळावरच्या आठ्या, कुणी नांगरलेलं शेत. इनेशने पंख काढले. तिने मला वेगळं लिहिलं, की मध्ये रेघ थांबते ना, तिथे पक्षी जिवंत होतो. ते तू मुद्दाम केलंस का? मी लिहून मोकळी झाले, की ते दुःख आहे, माझ्या काकूचा हात तिथे थरथरला होता. तिने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मला फार बरं वाटलं. दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ लावून देण्यात केवढी ऐट असते!

मग मी कळस केला. जूनच्या सुरुवातीला, उकाडा शिगेला पोचलेला, मी दुपट्ट्याने तोंड बांधून गाडीवर खापरखेडा गाठलं, काकूला हे दाखवायला. वाटलं, बाई एकटी पडली आहे, तिला आनंद होईल. टॅबलेट तिच्या मांडीवर ठेवला. "काकू, पाह्य. तुहा हात जगभर पोचला."

काकूने समुद्र बघितला, शेत बघितलं. मग ज्याचा छाप केला तो मूळ फोटो आला. तिने दोन बोटांनी तो मोठा केला. ते तिला मोबाईलमुळे येतं. बराच वेळ बघत राहिली.

"हे तं त्या दिवशीचं हाये," ती म्हणाली.



"तू फोटो काढून राहिली होती? तवा?"

"काकू, उजेड इतका चांगला होता…" असं वाक्य माझ्या तोंडून निघालं. निघालं ते निघालंच.

"मले काहून नाही इचारलं?"

 तिने पुढे विचारलं, की हे बंद करता येते का. मी म्हटलं, ग्रुपवरून काढून टाकता येतं, पण ज्यांनी घेतलं त्यांच्याकडचं परत आणता येत नाही. "मंग आता दाखवून काय करून राहिली तू?" ती म्हणाली, उठली, आणि मला पन्हं करून दिलं. तिने रागाने ग्लास आपटला असता तरी चाललं असतं. तिने नेहमीसारखीच वेलची घातली होती. मी ग्लास भरलेलाच ठेवून निघाले.

त्या संध्याकाळी मी ब्रश काढून टाकला. ग्रुपवर लोकांनी कारण विचारलं, मी सांगितलं नाही.

त्यानंतरचं वर्ष काकू माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर मिटवता आलं असतं. फोन केला की "बरी हाये" म्हणायची, कामं आहेत म्हणायची, आणि ठेवायची. पिंके म्हणणं बंद झालं. दिवाळीला गेले, तर मागच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत प्लास्टिकची चटई अंथरलेली होती. मी निघताना चप्पल घालून मागे वळून पाहिलं, तर ती वाकून चटई गुंडाळत होती. ती माझ्यापुरतीच अंथरली होती. ज्या जमिनीवर मी लोळून मोठी झाले ती आता माझ्यापासून झाकून ठेवायची वस्तू झाली होती. 

म्हणून यंदा खसचा वास आला आणि मी घरभर फिरत राहिले. इनेशला नाही म्हणणं सोपं होतं. गुपचूप ब्रश बांधून तिला एकटीला पाठवणं त्याहून सोपं होतं. काकूला कसं कळणार? हा विचार मनात आला आणि मी स्वतःलाच घाबरले. मागच्या वेळी फोनचा आवाज बंद करणारी बाई तीच होती, अजून इथेच होती, कूलरसमोर बसून पुन्हा तोच हिशेब मांडत होती.

काकांचं वर्षश्राद्ध चार दिवसांवर आलं होतं. मी कुणी बोलावण्याची वाट न बघता गेले. रस्त्याने वाऱ्याच्या झळा दुपट्ट्यातून आत येत होत्या, दूरवर वीज केंद्राच्या चिमण्यांवरचं आकाश मळकट पिवळं झालं होतं, आणि मी वाटभर वाक्यं जुळवत होते. घरी पोचले तोवर एकही शिल्लक नव्हतं.

पुढचं दार उघडंच होतं. काकू मागच्या खोलीत सारवत होती, श्राद्धासाठी. चटई गुंडाळून भिंतीशी उभी. मी उंबऱ्याबाहेर थांबले. तिने मला पाहिलं, हात थांबवला नाही. शेवटची कमान पुरी करून ती मागच्या दाराशी पोचली, तिथल्या बादलीत हात धुतले आणि बाहेरून वळसा घेऊन माझ्याकडे आली.

"काय वं? फोन न करता?"

मी सरळ बोलून टाकलं. की माझं चुकलं. त्या दिवशी चुकलं, ब्रश सगळ्यांना वाटून टाकला तेव्हाही चुकलं, आणि सगळ्यात जास्त चुकलं ते उजेडाचं बोलले तेव्हा. की आता परदेशातली एक बाई तो ब्रश पुन्हा मागतेय. "तू नाही म्हणशील तर मी तो फोटोच पुसून टाकतो काकू. आत्ता, तुह्यासमोर. या वेळी इचाराले आली."

काकूने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "दाखव, काय करून राहिली ती बाई."

आम्ही उंबऱ्याबाहेर फरशीवर बसलो. मी इनेशची पानं दाखवली. काकूने एकेक नीट बघितलं. "कोंबड्या हायेत का?"

"समुद्रावरचे पक्षी हायेत."

"पोटानं कोंबड्याच दिसून राहिल्या." आणि मग, "खाली काय लिवलं हाये?"

मी वाचून दाखवलं. की पंखात रेघ थांबते ती जागा तिला फार प्रिय आहे, दुसऱ्या कुठल्या ब्रशात ती मिळत नाही. "मी तिले सांगतलं होतं," मी चाचरत म्हटलं, "का त्या दिवशी तुहा हात थरथरला. दुःखानं."

"कोन म्हणे थरथरला?" काकू एकदम वळली. "माहा हात? तुले काही समजते का पिंके?"

पिंके म्हणाली. 

तिने ओल्या खोलीकडे बोट केलं, डावीकडच्या भिंतीपासून हातभर अंतरावर. "तिथं त्याइची खाट राहे. शिफ्ट करून येत, अन् दिवसा इथंच झोपत, गार वाटे म्हणून. घर बांधलं तवापासून तिथंच खाट. तिचा पाय मधात ये सारवताना. हात तिथं आला का उचलाचा, पायाच्या पल्याड टेकवाचा, का पुढं." तिने हवेतच हात फिरवून दाखवला. गेला, उचलला, टेकला, गेला. "त्या दिवशी लोकाइनं खाट उचलून बाहेर नेली. त्याइले ठेवाले जागा पायजे होती ना. पन माह्या हाताले कोनी सांगतलंच नव्हतं."

मी खोलीकडे बघितलं. खाट वर्षभरात परत आत आलीच नव्हती. नुकतंच सारवलेलं होतं, उन्हात ओलं चमकत होतं. कमानी भिंतीपासून सुरू होऊन एकीला एक खेटून मागच्या दारापर्यंत गेल्या होत्या. तिने दाखवलेल्या जागी मी शोधलं, पुन्हा शोधलं. तिथे फट नव्हती. रेघ सरळ पुढे गेली होती.

काकूही तिथेच बघत होती.

"देऊन टाक त्या बाईले," ती म्हणाली. "माहा हात विसरून राहिला आता."